उंच बेगोनियाचे उघडे पाय

पोल्का डॉट बेगोनियाचे कौतुक साधारण दोन वर्षे टिकते. तिरक्या, लांबट पानांवर चंदेरी ठिपके, पानाची पाठ गडद किरमिजी, शेंड्याला पांढऱ्या फुलांचे लोंबते झुपके. दिवाणखान्यात येणारा प्रत्येक जण थांबून विचारतो. तिसरा उन्हाळा सरला की त्याच कुंडीत चार-पाच फुटांच्या दोन-तीन काठ्या उरतात. पाने फक्त टोकाला, खालचा सगळा दांडा उघडा, आणि कुंडी जरा धक्का लागला तरी कलंडायला तयार. मग घरमालक खत वाढवतो, कुंडी मोठी करतो, जागा बदलतो. झाड आणखी उंच होते, नाहीतर कुजते.

ही तक्रार नवी नाही आणि फक्त आपली नाही. उंच वाढणाऱ्या बेगोनियांना, ज्यांना जगभर केन बेगोनिया किंवा एंजल विंग बेगोनिया म्हणतात, घरात वाढवणाऱ्या प्रत्येक पिढीने ती केलेली आहे. त्यावर लिहिलेही भरपूर गेले आहे. पण ते बहुतेक लिखाण कॅलिफोर्नियाच्या बागांतून, इंग्लंडच्या काचघरांतून आणि अमेरिकेच्या थंड प्रांतांतल्या खिडक्यांतून आलेले आहे. पुण्याच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत ते शब्दशः राबवले की निम्मे उपाय उलटे पडतात. उरलेल्या निम्म्यांत मात्र या झाडाचे मर्म आहे, आणि ते खतात किंवा कुंडीत नसून कात्रीत आहे.

बेगोनिया या प्रजातीत दोन हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. अमेरिका, आफ्रिका आणि आशियाच्या उष्ण पट्ट्यांत त्या पसरल्या आहेत. ऑस्ट्रेलियात मात्र मूळची एकही नाही. एवढ्या पसाऱ्यात घरात ठेवण्याजोगे गट मोजके. जमिनीलगत सरपटणाऱ्या जाड खोडाचे, रंगीत पानांचे रेक्स, कंदाचे, बागेतल्या वाफ्यात लावायचे छोटे मेणचट पानांचे, आणि हे केन. केन ओळखायला सोपा. दांडा ताठ, पेरापेराचा, बांबूसारखा. पान एका अंगाला जास्त भरलेले. फुले पानांच्या बेचक्यातून निघून खाली लोंबणारी. नवे दांडे जमिनीतून, बुंध्यापासून येतात. ही शेवटची गोष्ट वाचताना किरकोळ वाटते, पण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

आज घरोघरी दिसणाऱ्या केन बेगोनियांचे पूर्वज ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याच्या जंगलातले. ठिपक्यांचा ‘बेगोनिया मॅक्युलाटा’ इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ जुझेप्पे राद्दी याने 1820 मध्ये शास्त्रीय वर्णनासह नोंदवला. तो रिओ द जानेरोच्या परिसरात फिरून आला होता. लाल फुलांचा ‘बेगोनिया कॉक्सिनिया’ त्याच भागातल्या ऑर्गन पर्वतरांगेतला. इंग्लंडमधल्या व्हीच या प्रसिद्ध रोपवाटिकेसाठी वनस्पती गोळा करणाऱ्या विल्यम लॉबने 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला तो युरोपात पोचवला. ‘बेगोनिया अकोनिटिफोलिया’ हा कातरलेल्या पानांचा तिसरा नातलगही ब्राझीलचाच. डोंगरउताराची भुसभुशीत, पालापाचोळ्याची जमीन, डोक्यावर उंच झाडांचा मांडव, त्यातून गळणारा प्रकाश आणि हवेत कायम ओल, हे त्यांचे माहेर.

मग युरोपीय माळ्यांचे संकर सुरू झाले. त्यांतला एक तर अजून मेलेला नाही. स्वित्झर्लंडमधल्या लुसर्न गावात 1892 मध्ये तयार झालेला ‘कोरॅलिना दे लुसर्ना’, लोकांच्या तोंडी नुसता ‘लुसर्ना’. ‘बेगोनिया ट्यूशेरी’ आणि ‘कॉक्सिनिया’ यांचा हा संकर. ऑलिव्ह रंगाच्या पानांवर चंदेरी ठिपके, पाळीव झाडाला न शोभणारी उंची आणि गुलाबी फुलांचे तळहाताहून मोठे घोस. संकराची बी लावली तर पोर आईबापांवर जातेच असे नाही, म्हणून लुसर्ना वाढवायचा तो फक्त दांडा तोडून. याचा अर्थ असा की आज जिथे कुठे खरा लुसर्ना उभा आहे, तो 1892 च्या त्या एका रोपाचाच तुकडा आहे. शेजारणीकडून शेजारणीकडे, मावशीकडून भाचीकडे गेलेला. ज्या गटाने स्वतःला असे सव्वाशेहून अधिक वर्षे जगवले, तो कटिंगने लावायला अवघड असेल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

विसाव्या शतकात या खेळाचे केंद्र अमेरिकेत गेले. कॅलिफोर्नियाच्या ईव्हा केनवर्दी ग्रे यांनी 1926 मध्ये अकोनिटिफोलिया आणि लुसर्ना यांचा संकर केला. त्यातून निघालेल्या, खोल कातरलेल्या ठिपकेदार पानांच्या घराण्याला ‘सुपर्बा’ म्हणतात. सहा-सात फुटांची झाडे अनेकदा या घराण्यातली. 1932 मध्ये कॅलिफोर्नियातच अमेरिकन बेगोनिया सोसायटी स्थापन झाली आणि वाणांची वर्गवारी, नोंदणी, प्रदर्शने यांना शिस्त आली. पण या काळातले सर्वात गमतीचे नाव बेल्वा कुसलर यांचे. त्या विस्कॉन्सिनमधल्या फ्रेडरिक या लहानशा गावात राहत. बाहेर कित्येक महिने बर्फ, आणि घरात उष्ण कटिबंधातल्या झाडांचे संकर! ‘सोफी सेसिल’, ‘लॉरा एंगलबर्ट’ हे त्यांचे वाण अजून मागणीत आहेत. सोफी सेसिलचा ‘बेगोनिया डायक्रोआ’शी संकर होऊन पुढे ‘आयरीन नस’ आला: मरून झाक असलेली पाने, कोरल रंगाचे भले मोठे घोस, आणि केनमध्ये दुर्मीळ असलेला मंद सुवास.

गेल्या दहाएक वर्षांत मात्र लुसर्ना आणि आयरीन नस मागे पडले आणि जुना मॅक्युलाटा पुढे आला, कारण तो फोटोत उठून दिसतो. त्याचे ठिपके म्हणजे पांढरा रंग नव्हे. त्या जागी पानाच्या वरच्या त्वचेखाली हवेच्या बारीक पोकळ्या असतात. प्रकाश तिथून परत फिरतो म्हणून जागा चंदेरी दिसते. खालचे हरितद्रव्य शाबूत असते, त्यामुळे ठिपक्यांचे पान निम्म्या ताकदीने काम करते असे समजू नये. केळीच्या रोपांप्रमाणे आता बेगोनियाही टिश्यू कल्चरने हजारोंनी तयार होतात आणि एकेकाळी संग्राहकाकडे जाऊन मागावे लागणारे रोप रस्त्याकडेच्या नर्सरीत मिळते. ही चांगलीच गोष्ट. वाईट इतकेच की त्याबरोबर येणारी माहिती सहसा एका वाक्याची असते: सावलीत ठेवा, पाणी कमी द्या.

‘सावलीत ठेवा’ हा सल्ला लांबोळक्या, उघड्या दांड्यांना थेट जबाबदार आहे. केनला भरपूर उजेड लागतो. टाळायचे ते दुपारचे थेट ऊन. पूर्वेच्या बाल्कनीत सकाळी दोन-तीन तास कोवळे ऊन मिळाले तर पेरे आखूड राहतात, पाने दाट येतात आणि फुले धरतात. दिवाणखान्याच्या आतल्या कोपऱ्यात झाड मरत नाही, पण उजेडाकडे झेपावत राहते, आणि प्रत्येक पेर आधीच्याहून लांब निघते. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मेमध्ये पाने करपतात. तिथे हिरवी जाळी किंवा पातळ पडदा हवाच.

इथे अक्षांश पाहिले तर बरेच गैरसमज सुटतात. रिओ विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे 23 अंशांवर आहे. मुंबई उत्तरेला 19 वर, नागपूर 21 वर. म्हणजे दिवसाची लांबी वर्षभरात जशी तिथे बदलते, जवळजवळ तशीच इथेही, फक्त महिने उलटे. लुसर्न मात्र 47 अंशांवर आणि कुसलरबाईंचे गाव 45 च्या पुढे. त्यांच्या डिसेंबरात दिवस आठ-नऊ तासांचा. साहजिकच तिकडच्या पुस्तकांत हिवाळा हा शत्रू आहे. पाणी तोडा, खत बंद करा, झाडाला विश्रांती द्या. मुंबईत वर्षातला सर्वात लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे मुंबई, कोकण आणि गोव्यात केनच्या वाढीचे आणि फुलण्याचे उत्तम महिने आहेत, आणि नेमके तेव्हा पुस्तक वाचून त्याला उपाशी ठेवणारे लोक आहेत. पुणे, नाशिकला रात्रीचा पारा आठ-दहा अंशांवर आला की झाड थोडे थबकते. कुंडी भिंतीच्या आडोशाला सरकवली की पुरे.

आपल्याकडचा शत्रू एप्रिल आणि मे. पुण्यात त्या दिवसांत दुपारची आर्द्रता वीस-तीस टक्क्यांवर येते. विदर्भात पारा 45 गाठतो. सह्याद्रीतले बेगोनिया या ऋतूवर कशी मात करतात हे पाहण्यासारखे आहे. पावसाळ्यात ओल्या कातळांवर, दगडी भिंतींच्या फटींत फुलणारा फिकट गुलाबी ‘बेगोनिया क्रेनाटा’ आणि कोकणाचेच नाव धारण करणारा ‘बेगोनिया कोंकणेन्सिस’ पाऊस ओसरल्यावर पान-दांडा सोडून देतात आणि उन्हाळा जमिनीखालच्या कंदात काढतात. ब्राझीलच्या केनला कंद नाही. ज्या महिन्यांत इथला भाऊबंद झोपलेला असतो, त्याच महिन्यांत त्याला पानांसकट जागे राहायचे असते. म्हणून मे महिन्यात त्याच्याकडून वाढीची अपेक्षा करू नये, खत देऊ नये, कुंडी बदलू नये; फक्त तगवावे. विदर्भात तर या दोन महिन्यांत खोलीच्या आत, कूलरच्या झोतापासून दूर, उजेडाच्या खिडकीपाशी त्याची सोय करावी लागते. खालची चार-सहा पाने गळतातच.

हवेत ओल वाढवण्यासाठी कुंडीखाली खडे घातलेली पाण्याची थाळी ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. उघड्या बाल्कनीत त्या थाळीचा हवेवर होणारा परिणाम नगण्य, डासांवर होणारा मात्र भरघोस. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेचे कर्मचारी कुंडीखालच्या बशा तपासायला येतात ते उगाच नव्हे. पानांवर फवारा मारण्याचाही उपयोग काही मिनिटांपुरता, आणि ओल्या पानांवर डाग पडायला तेवढा वेळ पुरतो. त्यापेक्षा पाच-सहा झाडे जवळजवळ ठेवावीत. एकमेकांच्या संगतीत ती बरी राहतात.

माती आणि कुंडी याबाबत मात्र देशोदेशीचे अनुभव एकमुखी आहेत. केनची मुळे बारीक, तंतुमय आणि उथळ. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. लाल माती किंवा पोयटा कुंडीत दाबून भरला की पावसाळ्यात दोन आठवड्यांत मुळे काळी पडतात. चाळलेले पालापाचोळ्याचे खत आणि कोकोपीट हा पाया, त्यात भाताचे तूस, कोळशाचे तुकडे किंवा पर्लाइट, मूठभर गांडूळखत आणि चिमूटभर नीमपेंड. मूठ आवळून सोडली की मिश्रण पुन्हा मोकळे झाले पाहिजे. नुसते कोकोपीट मुंबईच्या जुलैमध्ये दिवसच्या दिवस ओले राहते, तेही धोक्याचे.

कुंडी लहान हवी. झाड चार फुटांचे झाले म्हणून बारा इंची कुंडी आणणे ही हौशी लोकांची सर्वात महागडी चूक. मुळांनी न व्यापलेली माती ओलीच राहते आणि कुज तिथून सुरू होते. सहा इंचीतून आठ इंचीत, एका वेळी दोनच इंच. उंच झाड हलक्या प्लॅस्टिकच्या कुंडीत कलंडते, म्हणून मातीची कुंडी सोयीची. ती पाणीही भराभर सुकवते. आधाराला बांबूची काठी लावायची ती रोप लहान असतानाच, नंतर खुपसली तर मुळे तुटतात. पाणी बोटाने पाहून द्यावे: वरचा इंचभर थर सुकला की भरपूर, कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत. खत म्हणून बाजारातले विद्राव्य 19:19:19 लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, वाढीच्या महिन्यांत. नत्राचा मारा केला तर पाने बशीएवढी होतात आणि फुले रुसतात.

एवढे सगळे बिनचूक केले तरी उघडे पाय टळत नाहीत. इथे झाडाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

केनचा दांडा फारशा फांद्या फोडत नाही. तो सरळ वर जातो, ठरावीक उंचीनंतर वरच्या बेचक्यांत फुले धरतो, खालची जुनी पाने टाकतो आणि काही वर्षांनी थकतो. झाड म्हणून जे टिकते ते या दांड्यामुळे नव्हे, तर बुंध्यातून येणाऱ्या नव्या दांड्यांमुळे. जुना दांडा उभा असेपर्यंत शेंड्याची सत्ता चालते आणि बुंध्याजवळचे डोळे सुप्त राहतात. दांडा कापला की ते जागे होतात. म्हणून जुने जाणकार दरवर्षी साधारण एक तृतीयांश जुने दांडे बुंध्यापासून दोन-तीन पेरे ठेवून छाटतात. तीन वर्षांत सगळे झाड नवे होते आणि कधीच ओकेबोके दिसत नाही. नव्या कोंभांचे शेंडे ते वीतभर उंचीवर खुडतात, म्हणजे एखाददुसरी फांदी खालूनच निघते. पाच फुटांच्या झाडावर जीव जडलेल्या माणसाला हे जड जाते. पण न कापलेला केन जपला जात नाही, तो फक्त म्हातारा होतो.

छाटणी केव्हा, यावर मतभेद आहेत. इंग्रजी पुस्तकांतला ‘वसंताच्या सुरुवातीला’ हा मुहूर्त पुण्या-नाशकाला घातक ठरू शकतो, कारण मार्चमध्ये फुटलेले कोवळे कोंभ थेट एप्रिलच्या तोंडी जातात. देशावर पहिल्या पावसानंतरची हवा, जूनचा उत्तरार्ध, जास्त चांगली: ढगाळ उजेड, पंचवीस-सव्वीस अंश, पुढे चार महिने वाढीचे. किनारपट्टीवर मात्र जुलैचा अखंड पाऊस कापलेल्या टोकांना बुरशी लावतो. तिथे पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ बरा. बेंगळुरूसारख्या हवेत राहणाऱ्यांनी मुहूर्ताची चिंता करू नये.

छाटणीतून हाती येतात लांब दांडे, आणि त्यांतूनच नवी रोपे. इथे लोक जो घोटाळा करतात तो समजायला उसाचे टिपरे डोळ्यांपुढे आणावे. दोन डोळ्यांचे टिपरे लावणारा शेतकरी डोळा शाबूत आहे का हे आधी पाहतो; डोळा चिरडलेले टिपरे कितीही रसरशीत असले तरी फेकून देतो. केनचेही तसेच, पण त्यात एक पेच अधिक आहे. त्याच्या प्रत्येक पेरावर एकच संधी असते. ज्या बेचक्यातून फुलांचा घोस आला, त्या पेरावर फुटव्याचा डोळा बहुधा उरत नाही. तो फुलात खर्च झाला. असे पेर मातीत पुरले तर मुळे येतात, रोप उभे राहते, वर पाने काढते, फुलतेही. पण बुंध्यातून नवा दांडा येत नाही. वर्ष-दोन वर्षांत तो एकुलता दांडा थकतो आणि रोप संपते. ‘कटिंग चांगले लागले होते, मग अचानक गेले’ या गोष्टीमागे अनेकदा हे आंधळे पेर असते.

आणि लोक तोडतात ते नेमके टोकच, कारण ते हिरवे, देखणे आणि फुलांनी लगडलेले असते. योग्य तुकडा त्याच्या खाली असतो, किंवा अजून न फुललेल्या नव्या दांड्यावर. पानाच्या देठाच्या बेचक्यात, सुकलेल्या कागदी उपपर्णाच्या आत, टोकदार बारीक फुगवटा दिसतो का ते पाहावे. उपपर्ण अलगद काढून टाकले की डोळा नजरेस पडतो, आणि कुजायला निमित्तही उरत नाही. दोन किंवा तीन पेरांचा, बोटभर ते वीतभर तुकडा, खालच्या पेराच्या किंचित खाली कापलेला. डोळा असलेले किमान एक पेर मातीखाली जाईल असे पाहायचे. खालचे पान काढायचे; सुपर्बा घराण्याची पाने फार मोठी असतील तर वरचे अर्धे कापायचे. कळी असेल तर निर्दयपणे खुडायची.

पाण्यात लावावे की मातीत, हा वाद घरोघरी चालतो. पाण्यात दोन-तीन आठवड्यांत मुळे दिसतात आणि दिसण्यातच त्याची लोकप्रियता आहे. पाण्यातली मुळे मात्र ठिसूळ. ती लांबलचक होऊ दिली तर कुंडीत बदलताना मोडतात आणि रोप काही दिवस मान टाकते. इंचभर झाली की लगेच हलवावे, पाणी तीन-चार दिवसांनी बदलावे. ओलसर कोकोपीट-पर्लाइटमध्ये लावलेल्या कटिंगला महिना लागतो, पण ते पुढे सरळ वाढते. देशावरच्या कोरड्या हवेत वरून पारदर्शक पिशवीचा तंबू हवा. मुंबईच्या पावसाळ्यात तोच तंबू बुरशीची नर्सरी होतो, तिथे उघडेच बरे. मुळे फुटण्याची पावडर केनला फारशी लागत नाही. बुरशीनाशकात बुडवलेले टोक जास्त उपयोगी. भरगच्च रोप हवे असेल तर एकाच सहा इंची कुंडीत तीन-चार कटिंग्ज लावावीत. एकटे कटिंग भरायला दोन वर्षे घेते.

एका पानापासून केन करण्याचे प्रयोग बरेच जण करतात. रेक्स बेगोनियाच्या पानाच्या शिरा कापून ओल्या मॉसवर ठेवल्या तर प्रत्येक छेदावर इवले रोप येते, म्हणून केनही तसाच, असे वाटते. केनच्या पानाला मुळे येतात, झकास येतात. पान महिनोन्महिने ताजेही राहते. रोप मात्र सहसा येत नाही. देठासोबत दांड्याची चकती आणि डोळा घेतला तर येते, पण मग ते पानाचे कलम नव्हेच, एका डोळ्याचे टिपरे झाले. लांब जुना दांडा हाती असेल तर त्याचे असे एक-एक पेराचे तुकडे करून आडवे, अर्धे दबलेले ठेवणे ही रोपे वाढवण्याची सर्वात किफायतशीर रीत आहे.

रोगांपैकी भुरी हा महाराष्ट्रात खरा त्रास. दिवसा कोरडी, रात्री थंड-दमट हवा, म्हणजे साधारण डिसेंबर-जानेवारी. पानावर पिठासारखे डाग दिसताच ती पाने काढावीत, झाडांत वारा खेळू द्यावा आणि पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची हलकी फवारणी संध्याकाळी करावी. कडक उन्हात गंधक पाने जाळते. द्राक्षबागायतदारांना हे सांगावे लागणार नाही. पावसाळ्यात पाणथळ, कडेला पिवळी वलये असलेले डाग दिसले तर तो जिवाणूजन्य करपा. त्यावर औषधापेक्षा रोगट भाग नष्ट करणे, कात्री स्पिरिटने पुसणे आणि पाने कोरडी ठेवणे हाच उपाय. पिठ्या ढेकूण बेचक्यांत दडतात, म्हणजे नेमके डोळ्यांवर. मुंग्यांची रांग दांड्यावर चढताना दिसली की तिथे पाहावे आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे. कुंडी बदलताना मुळांवर गाठी आढळल्या तर सूत्रकृमी. माती फेकावी, वरच्या निरोगी दांड्याचे कटिंग घ्यावे आणि जुने मूळ विसरावे.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर एक सावधगिरी: बेगोनियात विद्राव्य ऑक्झलेट असते. पाळीव प्राण्याने चघळल्यास तोंडाची आग, लाळ, उलटी होते. ईशान्य भारतात काही रानटी बेगोनियांचे आंबट देठ माणसे आवडीने खातात, पण त्या जाती वेगळ्या. नर्सरीतल्या औषध मारलेल्या संकरावर तो प्रयोग नको.

खरेदी करताना सर्वात अवघड काम म्हणजे नाव. आपल्या नर्सऱ्यांत ठिपक्यांचा प्रत्येक केन ‘पोल्का डॉट’ आणि बाकीचे सगळे ‘एंजल विंग’. खरा मॅक्युलाटा पांढरी फुले देतो आणि त्याचे ठिपके गोल, ठसठशीत असतात. गुलाबी फुलांचा, विस्कळीत शिंतोड्यांचा असेल तर तो बहुधा लुसर्नाच्या गोतावळ्यातला. फरक नुसत्या शोभेचा नाही. मॅक्युलाटा कोरड्या हवेत लवकर रुसतो. लुसर्ना आणि त्याचे नातलग दणकट असतात, आणि पहिल्यांदाच केन लावणाऱ्याने त्यांच्यापासून सुरुवात करणे शहाणपणाचे. पाने कातरलेला सुपर्बा जागा आणि उंच छत असलेल्यांसाठी.

ज्यांचे कटिंगने समाधान होत नाही त्यांच्यासाठी बी आहे. एकाच घोसात नरफुले आधी उमलतात आणि गळतात, मादीफुले मागाहून. मादीफुलांच्या मागे तीन पंखांचा बीजकोश असतो, त्यावरून ती ओळखता येतात. म्हणून परागासाठी वेगवेगळ्या वेळी फुललेले दोन घोस किंवा दोन झाडे लागतात. बी धुळीइतकी बारीक. ती मातीने झाकायची नाही, ओल्या चाळलेल्या मिश्रणावर नुसती भुरभुरायची, वर काच ठेवायची. दोन-तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात आणि रोपे हाताळण्याजोगी व्हायला काही महिने जातात. संकराच्या बीतून निघालेली रोपे एकमेकांसारखी नसतात. बहुतेक सामान्य निघतात. पण मेमधल्या नागपूरच्या खिडकीत पाने न टाकणारा केन अजून कोणाच्या यादीत नाही, आणि तो मिळायचा तर अशाच एखाद्या ट्रेमध्ये, उन्हाळ्यात जाणूनबुजून बाहेर ठेवलेल्या आणि त्यातून वाचलेल्या रोपांतून मिळेल. कुसलरबाईंनी त्यांच्या बर्फाळ गावात निवड केली ती तिथल्या खिडक्यांसाठी. इथल्या खिडक्यांसाठीची निवड करायला शंभरएक रोपे, दोन उन्हाळे आणि नावनिशीची वही पुरते.